लक्षण काही ठीक नाही

९ जानेवारी

धाकटे,

'प्रिय' लिहिलेलं नाही, हे तुझ्या लगेच लक्षात येईल म्हणून मीच सांगून टाकते. तू छापखान्यात दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेतेस, तेव्हा माझ्या पत्रावरही लाल पेन फिरवशीलच. फिरव. फाडायचं असेल तर फाड, पण आधी वाच.

मला तुझ्याशी बोलायचं नाहीये. ते आहे तसंच आहे. तुझ्या मुलीच्या लग्नाआधी तू जे केलंस ते मी विसरलेले नाही आणि विसरणारही नाही. काम वेगळंच आहे.

कातडीच्या डॉक्टरबाईंनी मला नवीन गोळी सुरू केलीय. माझा सोरायसिस तुला ठाऊकच आहे, कोपरं, गुडघे, केसांतून कपाळावर उतरलेला. आता तो सांध्यांत शिरलाय. कातडीतली आग आणि सांध्यातली आग एकाच घरची म्हणे. सकाळी उठलं की बोटं लाकडासारखी. उजव्या हाताचं मधलं बोट असं सुजलंय की कात्रीच्या कडीत जातच नाही. नखांवर बारीक बारीक खड्डे पडलेत, शिवताना बोटाला घालतो त्या अंगुस्तानासारखे. काजवाली परवा म्हणाली, "ताई, तुम्हाला आता अंगुस्तान विकत घ्यायला नको." (काजवाली म्हणजे माझ्याकडे काजं-बटणं करायला येते ती. फटकळ आहे, म्हणून टिकली.)

मलमं झाली, उजेडाच्या पेटीत उभं राहून किरण घेऊन झालं. आता ही पोटातून घ्यायची गोळी. डॉक्टरबाई म्हणाल्या, "रोग मुळासकट जात नाही हं, आतली आग कमी होते. फरक दिसायला आठवडे लागतील, महिनेही लागतील. घाई करायची नाही." मी म्हटलं, घाई गिऱ्हाइकांना असते, मला कसली?

मग त्यांनी विचारलं, "घरी कोण असतं?"

"शिलाई मशीन."

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "या गोळीनं काही जणांचं मन उदास होतं. सगळ्यांचं नाही, थोड्यांचं. पण ते ज्याचं त्याला लवकर कळत नाही. म्हणून तुमचा स्वभाव ओळखणारं कुणीतरी लक्ष ठेवायला हवं. बदल दिसला की मला कळवायचं."

घरी येऊन मी पुष्कळ डोकं चालवलं. काजवाली मला कामापुरती ओळखते. शेजारी मला घाबरतात. माझा स्वभाव आतून-बाहेरून ओळखणारं माणूस जगात एकच उरलंय, आणि दुर्दैवानं ते तू आहेस. आईबाबांनी एका खोलीत, एका पांघरुणात वाढवलं, त्याला मी काय करू?

तर मी अधूनमधून पत्र लिहीन. तू वाचायचं आणि मी आहे तशीच आहे की नाही, एवढं कळवायचं. बाकी ख्यालीखुशाली नको. फोन करू नकोस. फोनवर मी आवाज चढवेन, तू ठेवून देशील, आणि डॉक्टरबाईंचं काम राहून जाईल.

तुझी मोठी बहीण,
इलाज नाही म्हणून


२४ जानेवारी

धाकटे,

कार्ड मिळालं. "आहेस तशीच आहेस. दुर्दैवानं." एवढं लिहायला तुला इतके दिवस लागले? आणि वर पत्त्यात 'लवंगी' लिहायचं काही कारण नव्हतं. पोस्टमन दारात उभा राहून मोठ्यानं वाचत होता. लहानपणी तू मला लवंगी मिरची म्हणायचीस तो लाड होता. तो हक्क तू कोट पाठवलास त्या दिवशी गेला.

गोळीनं पोटाचं पार भजं केलंय. पहिल्याच दिवशी पूर्ण देत नाहीत, रोज थोडी थोडी वाढवत नेतात, त्यासाठी वेगळं पाकीटच असतं. तरीही मळमळ, पोट बिघडणं, डोकं ठणकणं, सगळं साग्रसंगीत झालं. मी म्हटलं, अर्धी तोडून घ्यावी. तर औषधवाला ओरडला, "तोडायची नाही, चावायची नाही, कुटायची नाही, अख्खी गिळायची." मी म्हटलं, "हे नियम माझ्या बहिणीला लावले असते तर बरं झालं असतं, तिला काहीच गिळता येत नाही." तो बिचारा बिल करायला लागला.

डॉक्टरबाई म्हणतात, पोट बहुतेक करून सवयीनं ताळ्यावर येतं. थोडं थोडं खा, पाणी पीत राहा. दुसरं कुठलं औषध चालू आहे का, मूत्रपिंड कसं आहे, सगळं खोदून खोदून विचारलं. चांगली बाई आहे. तिच्या एप्रनची शिवण मात्र उसवलीय.

शाळेच्या मुख्याध्यापिकाबाई मी शिवलेला कोट परत घेऊन आल्या होत्या. म्हणे, खांदा उतरतोय. मी म्हटलं, "खांदा तुमचाच उतरतोय बाई, कोट सरळ आहे." तणतणत गेल्या. परवा परत येतील. जातील कुठे?

कोटावरून आठवलं. नाही, लिहितेच. तुझ्या पोरीच्या लग्नाला मी स्वतःच्या हातानं स्वतःसाठी झगा शिवला होता, निळा, आखूड बाह्यांचा. मला बाह्यांनी काचतं, खपल्या निघतात, रक्त येतं, म्हणून आखूड. आणि तू काय पाठवलंस? मनगटापर्यंत बाह्यांचा, गळाबंद कोट, आणि चिठ्ठी, "ताई, हा घाल, बरा दिसेल." एक तर माझे हात झाका म्हणून. आणि वर तो रेडीमेड! शिंपिणीला रेडीमेड! बाहेरच्या लोकांनी हात आखडते घेतले तर मी समजू शकते, त्यांना कुठं माहिती की याची लागण होत नाही. तू तर माझ्या पांघरुणात झोपलीस. मी आले नाही. कोट परत पाठवला. अजून राग येतो. बघ, हात थरथरतोय.

आई म्हणायची ना, सुंभ जळला तरी पीळ जात नाही. तर पीळ शाबूत आहे, असं कळवून टाक.

मोठी


१९ फेब्रुवारी

धाकटे,

अक्षर बघ. बघितलंस? जानेवारीत कोंबडीचे पाय होते, आता ओळ सरळ आहे. बोट उतरलंय. आज सकाळी मोठी कात्री उचलली, आईची, आणि बोट कडीत असं अलगद गेलं की मी मशीनवर बसून रडले. काजवालीनं पाहिलं. मी तिला सांगितलं, डोळ्यांत सुताचा कण गेला. ती म्हणाली, "दोन्ही डोळ्यांत?" मेली.

कोपरांवरची खपली पातळ झालीय. कपाळ साफ. एक गिऱ्हाईक आहे, ती कपडा कधी माझ्या हातात द्यायची नाही, टेबलावर ठेवायची आणि लांब सरकायची. काल तिनं हातात दिला. मला आनंद झाला, आणि मग आनंद झाला म्हणून राग आला.

पोट आता बरं आहे. भूक मात्र पळालीय. माझाच घागरा मला कमरेत आत घ्यावा लागला. वजन उतरलं तर सांगा, असं डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, पुढच्या खेपेला सांगेन. पहाटे जाग येते आणि परत डोळा लागत नाही. वयच आहे.

कार्डावर तू माझ्या दोन चुका काढल्यास. 'थरथरतोय'वर कसला फुलीचा खेळ खेळलीस? तो शब्द बरोबर आहे. मी शेजारच्या मास्तरांना विचारून घेतलं.

मोठी


२१ मार्च

प्रिय धाकटे,

कशी आहेस? घरी सगळे बरे असतील.

माझी तब्येत चांगली आहे. हातांवर जवळजवळ काही राहिलं नाही, नुसते फिके डाग. बोटं वाकतात. डॉक्टरबाईंच्या सहायकानं फोटो काढून घेतले, आधीचे आणि आताचे. त्यानं विचारलं, "मन कसं आहे?" मी म्हटलं, उत्तम. मन शांतच आहे.

काजवाली सगळ्यांना सांगते, ताई किती शांत झाल्या. शेजारच्या काकूंनीही म्हटलं, "दुखणं गेलं की माणसाचा स्वभाव बदलतो बघा." खरं असेल. इतकी वर्षं उगाच सगळ्यांना तोडून बोलत होते. मुख्याध्यापिकाबाईंचा कोट तीनदा परत आला. मी तीनदा उसवून दिला. त्या म्हणाल्या, पहिल्यासारखाच करा. मी म्हटलं, काही हरकत नाही.

कामं थोडी साचली आहेत. बसते मशीनपाशी, पण सुई ओवली की वाटतं, कशाला. होईल हळूहळू. जेवणाला चव लागत नाही, पण तोही गोळीमुळे पोटाचा प्रकार असेल.

तुझ्या कोटाबद्दल मी जास्तच बोलले. तू चांगल्या मनानंच पाठवला असशील. तो बराही दिसला असता. जमलं तर मला माफ कर.

उत्तराची घाई नाही. तुला वेळ होईल तेव्हा लिही.

तुझी,
ताई


६ एप्रिल

प्रिय धाकटे,

तुझं कार्ड मिळालं, आभारी आहे. तू लिहिलंस की माझा हात आईसारखा कधीच बसला नाही, माझी शिवण वाकडी जाते आणि सगळ्यांना ते माहीत होतं. खरं असेल. आईचा हात चांगलाच होता.

तिची मोठी कात्री तुझ्या मुलीला द्यावी असं मनात आहे. इथे पडून राहण्यापेक्षा बरं. कुणी येणारं असेल तर सांग, बांधून ठेवते.

माझी कुणाबद्दल काही तक्रार नाही.

तुझी,
ताई


२७ एप्रिल

धाकटे,

काजवालीला रात्रीच्या सोबतीला ठेवून तू परत गेलीस त्याला थोडेच दिवस झालेत आणि मला खात्री आहे की तू आपल्या सगळ्या गोतावळ्यात तुझ्या बाजूनं तिखटमीठ लावून सांगितलं असशील. म्हणून माझी बाजू लिहून ठेवते. डोकं अजून पुरतं जागेवर नाही, थकायला होतं, त्यामुळे सावकाश वाच.

दुपारी दाराची घंटा वाजली. उघडलं तर तू. अंगात तोच कोट. रेडीमेड, मनगटापर्यंत बाह्या, गळाबंद. उकाड्यात घामानं थबथबलेली. डाव्या बाहीचं अस्तर बाहेर लोंबतंय, खालची दुमड एकीकडे वर एकीकडे खाली, आणि बटणं तर देवा! मी ते सगळं पाहिलं. डोळ्यांना दिसलं. आणि मी काय म्हटलं?

"छान दिसतो गं तुला."

तू तिथंच पायरीवर बसलीस आणि भोकाड पसरलंस. शेजारच्या काकू धावत आल्या. "काय झालं? कोण गेलं?" तू रडत रडत म्हणालीस, "ताईनं रेडीमेड कोटाला छान म्हटलं हो!" काकूंना वाटलं, तुझंच डोकं फिरलंय. त्या मला म्हणाल्या, "हिला आधी पाणी द्या."

मग तू उठलीस, माझे दोन्ही दंड धरलेस, बाह्यांवरून नाही, उघड्या कातडीवर, आणि म्हणालीस, "लक्षण काही ठीक नाही तुझं. चप्पल घाल." लहानपणी मी काही फोडलं, कुणाला चावले, की आई हेच म्हणायची. चिडायला हवं होतं मी. मी चप्पल घातली.

डॉक्टरबाईंच्या खोलीत तू पर्समधून माझी पत्रं काढलीस. लाल पेनानं गोल केलेले शब्द. 'प्रिय'. 'आभारी'. 'काही हरकत नाही'. 'खरं असेल' दोनदा. 'माफ कर'वर तर इतका जोर दिला होतास की कागद फाटला होता. डॉक्टरबाईंनी विचारलं, "नेमका काय बदल जाणवला?"

"डॉक्टर, ही गोड बोलायला लागलीय."

मला वाटलं, आता त्या हसतील. नाही हसल्या. त्यांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. मग खुर्ची माझ्याजवळ ओढली आणि सरळ विचारलं, "जगणं नको असं वाटतं का?"

मी तुझ्याकडे बघितलं नाही. म्हटलं, "रोज वाटतं, उद्या जाग आली नाही तर बरं." हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. तुला पत्रात लिहिलं नव्हतं. स्वतःलाही इतकं स्पष्ट म्हणाले नव्हते. तू माझे हात धरून ठेवलेस. बोटं चुरशील असं घट्ट धरलेस, आणि दुखलं नाही, बघ, तेवढं तरी त्या गोळीनं केलं होतं.

डॉक्टरबाईंनी गोळी तिथल्या तिथं थांबवली. म्हणाल्या, यात तुमचा दोष नाही, गोळीचाही पूर्ण असेल असं सांगता येत नाही. हा आजारच माणसाचं मन पोखरतो, त्यात ही भर पडली असेल. बऱ्याच जणांना हीच गोळी छान मानवते, तुम्हाला नाही मानवली. मनाच्या डॉक्टरांना त्यांनी समोरच फोन लावला. आणि तुला सांगितलं, "यांना एकटं ठेवायचं नाही."

तू राहिलीस. माझ्या अंथरुणात, पांघरूण ओढत, लहानपणासारखीच लाथा झाडत. चहात साखर जास्त घातलीस, कपड्यांच्या घड्या चुकीच्या घातल्यास, मशीनवर ओला कपडा वाळत टाकलास. मी बघत राहायचे आणि तू माझ्या तोंडाकडे बघत राहायचीस, कधी काही बोलते का म्हणून. मुद्दाम करत होतीस, त्या 'शिवण वाकडी' कार्डासारखंच, मला आता कळतंय. एके सकाळी तू माझी कापडाची कात्री घेऊन कागद कापायला बसलीस.

"ए! कापडाची कात्री आहे ती! धार घालवशील, गाढवे!"

तू कात्री खाली ठेवलीस. आणि काजवालीच्या गळ्यात पडलीस. ती बिचारी हातात बटण घेऊन उभी. "अहो, शिवी मला नाही बसली, तुम्हाला बसली," म्हणाली.

लिहायचं होतं ते एवढंच. आणि एक. कोटाची चिठ्ठी तू परत दाखवलीस, तू म्हणालीस ते मी ऐकलं. की तुझ्या सासूनं काहीतरी कुजकं बोलून ठेवलं होतं, आणि माझ्या तोंडावर कुणी तसं बोलू नये म्हणून तू घाबरून कोट घेतलास. ठीक आहे. तरी चूक तुझीच. सासूला कोट घालायचास, तोंडावरून.

मोठी


२० मे

धाकटे,

तुझा तो कोट मी पूर्ण उसवला. तू इथं विसरून गेलीस की मुद्दाम ठेवलास, मला कळायचं ते कळलं. आत पाहिलंस कधी? कच्च्या टाक्यांवर उभा होता, लबाडाच्या शपथेसारखा. बाह्या कोपराच्या वर कापल्या, गळा मोकळा केला, निळं अस्तर लावलं, माझ्या त्या झग्याचं उरलेलं. आता तो माझा आहे. तुला हवा असेल तर भांडून ने.

जेवणाला चव येतेय. झोप अजून तुकड्यातुकड्यांत आहे. मनाच्या डॉक्टरांकडे जाते, तो माणूस बोलू देतो, पण त्याच्या खुर्च्या करकरतात. अजून काही दिवस वाईट जातात, खोटं सांगत नाही. तेव्हा मी काजवालीला सांगते, आज वाईट आहे, आणि ती तिचं टोपलं माझ्या जवळ आणून बसते.

कोपरावर पुन्हा पांढरं उगवलंय. मधलं बोट सकाळी कुरकुरतं. वाईट वाटलं गं, फार वाटलं. इतकं साफ झालं होतं. त्या टेबलावर कपडा ठेवणाऱ्या बाईनं परत टेबलावर ठेवला. मी उचलला आणि तिच्या हातात परत दिला. म्हटलं, "इथे हातात देतात." दिला तिनं. आणि मुख्याध्यापिकाबाईंचा कोट चौथ्यांदा आला तेव्हा जे झालं ते लिहीत नाही, रस्त्यापर्यंत ऐकू गेलं म्हणतात. जाताना त्या काजवालीला म्हणाल्या, "बरं झालं बाई, बऱ्या झाल्या."

आता दुसरी गोळी. जुनी आहे, पुष्कळांना देतात. रक्त तपासत राहायचं, आणि घ्यायची आठवड्यातून एकदाच. एकदाच म्हणजे एकदाच. चुकून रोज घेतली तर जिवावर बेततं, असं डॉक्टरबाईंनी मला तीन वेळा म्हणायला लावलं, पोरांकडून पाढे घोकून घेतात तसं. मग म्हणाल्या, "वार ठरवा."

मी म्हटलं, "डॉक्टर, मी जन्मभर वारावरच कापड मोजलंय."

त्या म्हणाल्या, "ते वार नव्हेत. सोमवार, मंगळवार. एक वार ठरवा, तो बदलायचा नाही, आणि कुणाला तरी सांगून ठेवा. शक्य असेल तर त्या दिवशी ते माणूस समोर असू दे."

एप्रन शिवायला मागितलाय त्यांचा. देते म्हणाल्या.

तर वार तू ठरव. छापखान्याला सुट्टी कधी, गाडी कधी, ते तुझं तू बघ. लाल पेन खाली ठेव, हे मी गोडपणानं म्हणत नाहीये. तू चुकीचाच वार ठरवशील, माझी पक्की खात्री आहे, आणि मग दर आठवड्याला तू समोर बसलेली असताना मला त्यावरून भांडता येईल.

तुझी,
लवंगी